पंच्याऐंशीच्या खाली

४ फेब्रुवारी

त्र्याण्णव किलो! काटा झटकून बघितला, फरशी बदलून बघितली, वन्संना स्वेटर काढायला लावला. त्र्याण्णव म्हणजे त्र्याण्णव. आणि डॉक्टर म्हणतात पंच्याऐंशीच्या खाली आणा, मग पुढचं बोलू. त्याच्यावर असेल तर देणाऱ्याच्याच जिवाला धोका, आम्ही हात लावणार नाही. इतकं स्वच्छ.

लिहून काढते, म्हणजे डोकं जरा थाऱ्यावर येईल. यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझी किडनी चालत नाही – रक्तगट वेगळा, वर मला शुगर. धाकटे दीर परदेशात, फोनवर हळहळतात. अख्ख्या गोतावळ्यात जुळल्या त्या एकट्या वन्सं, यांची थोरली बहीण. तोंडावर मी त्यांना ताई म्हणते. इथे वन्संच!

आज त्या शिलाई मशीनसकट राहायला आल्या. हॉलमध्ये खिडकीपाशी मशीन लावलं. ‘‘तू म्हणशील ते खाईन, तू म्हणशील तेवढंच खाईन,’’ म्हणाल्या. आणि लगेच बसल्या बसल्या विचारलं – चहात साखर किती घालतेस?

हे लिफ्ट दुरुस्त करतात. करायचे. जन्मभर दुसऱ्यांना वर-खाली नेलं, आता स्वतःचा एक मजला चढताना मधल्या पायरीवर बसतात. वन्संनी ते आज पहिल्यांदा पाहिलं. चहा बिनसाखरेचा प्यायल्या.

५ फेब्रुवारी

मी काउंटरवर असते त्या औषधाच्या दुकानातून कॅप्सूलची डबी आणली. प्रोबायोटिक. पोटातले चांगले जिवाणू, कोट्यवधी, जिवंत! म्हणून फ्रिजमध्ये ठेवायच्या. कंपनीचा माणूस परवा चकचकीत पत्रक देऊन गेला होता. त्यात दोन उंदरांचे फोटो. एक टरटरून फुगलेला, दुसरा चवळीची शेंग. दुसऱ्याला म्हणे हे जिवाणू दिले होते.

मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘‘पोट साफ राहील. वजनाचं मी सांगणार नाही, आणि तूही काउंटरवर कुणाला सांगू नकोस.’’ बरं म्हटलं. औषधाच्या दुकानात इतकी वर्षं काढली, पण आशा सुटत नाही माणसाची.

७ फेब्रुवारी

हॉस्पिटलात डाएटिशियनला डबी दाखवली. पोरगेलीशी आहे, पण बोलते ठाम. ‘‘काही जातींच्या जिवाणूंवर अभ्यास झालेत. कुणाचं किलोभर उतरलं, कुणाचं काहीच नाही. घ्यायच्या तर घ्या, त्रास नाही. पण वजन उतरणार ते ताटातून, डबीतून नाही.’’ आणि यांच्याकडे बोट दाखवून – ‘‘पेशंटला मात्र यातली एकही द्यायची नाही. ऑपरेशननंतर यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणार आम्ही. तेव्हा जिवंत जिवाणू म्हणजे घरात पाहुणा म्हणून वाघ!’’

वन्संच्या हाती डबी दिली तर त्या विसरतील. म्हणून रोज सकाळी मीच देणार, कोमट पाण्याबरोबर.

१० फेब्रुवारी

वायू! काय सांगू. मशीनच्या खडखडाटात लपेल असं त्यांना वाटतं. लपत नाही. हे हसून हसून लाल झाले – कित्येक महिन्यांनी हसले. वन्सं म्हणतात, ‘‘कोट्यवधी भाडेकरू ठेवलेत पोटात, थोडा गोंगाट होणारच.’’

१८ फेब्रुवारी

एक्क्याण्णव! दोन किलो. वन्सं म्हणाल्या, ‘‘भाडेकरू कामाचे निघाले.’’ मी म्हटलं, साखर सुटली, ब्रेड सुटला, संध्याकाळी मी तुम्हाला तलावापर्यंत ओढत नेते – तेही थोडं धरा हिशेबात. पण मनातून मलाही कॅप्सूलचंच कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू.

२ मार्च

एकोणनव्वद. डॉक्टर खूश. वन्संनी दोन ड्रेस आत घेतले. टीप मारताना आत दोन बोटं माया ठेवली, म्हणाल्या, ‘‘परत फुगले तर उसवता येईल.’’ मी म्हटलं, असली अभद्र माया ठेवू नका! दोघी हसलो.

चांगल्या आहेत हो. मलाच कधी कधी काट्यापलीकडे त्यांच्यातलं काही दिसत नाही.

९ मार्च

एकोणनव्वद. 

१५ मार्च

एकोणनव्वद! घोडं पेंड खातंय कुठे? मी मोजून वाढते. सूप, भाजी, उकडलेलं अंडं, काकडी. त्यांच्या ताटात शिळ्या पोळीचा तुकडासुद्धा जास्त पडत नाही. तरी काटा हलत नाही. आज जेवताना त्यांच्या घासाकडे बघत बसले होते. त्यांच्या लक्षात आलं. घास खाली ठेवला. मग उचलला, खाल्ला.

१६ मार्च

सापडलं!! सुई मोडली म्हणून मशीनचा ड्रॉवर उघडला तर बॉबिनच्या मागे बिस्किटांचे कागद. एक नाही – मूठभर. क्रीमची बिस्किटं!

मी कागद मशीनवर पसरून ठेवले आणि त्या अंघोळ करून यायची वाट बघत बसले. पोलीस बसतात तशी. आल्या, बघितलं, पदर सावरावा तसा टॉवेल सावरला.

‘‘कॅप्सूल घेते ना मी रोज,’’ म्हणाल्या. ‘‘मला वाटलं, एखादं चालत असेल. ते जिरवतात ना आतले आत.’’

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. मी म्हणाले – नको ते म्हणाले! ‘‘तुमच्या भावाचा जीव तुमच्या जिभेवर टांगलाय, ताई.’’

त्यांचा चेहरा असा झाला! पन्नाशी उलटलेली बाई, पण शाळेत छडी खाल्लेल्या पोरीसारखी उभी. म्हणाल्या, ‘‘मला भीती वाटते गं. कापणार म्हणून. रात्री डोळ्यापुढे येतं, मग काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. बाकी काही नाही.’’

हे आत झोपले होते. ऐकलं असेल का?

१७ मार्च

यांनी ऐकलं. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

१९ मार्च

वन्सं आता काहीच चोरून खात नाहीत. मला माहिती आहे, कारण मी रोज ड्रॉवर बघते. पर्ससुद्धा बघितली. हो, बघितली! लाज वाटली, तरी बघितली.

अठ्ठ्याऐंशी.

२२ मार्च

आज डायलिसिसला यांची हाताची नस धरेना. तीनदा टोचलं. शेवटी मानेतून नळी घातली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘‘ही नस आता फार दिवसांची सोबती नाही. मानेतली नळी कायमची ठेवता येत नाही, इन्फेक्शन होतं. ट्रान्सप्लांट लवकर व्हायला हवं.’’ लवकर म्हणजे कधी? ट्रान्सप्लांटला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक ३ एप्रिलला. त्याआधी एक तारखेला वन्संचं वजन आणि रक्त. त्या दिवशी काटा पंच्याऐंशीच्या खाली नसेल, तर फाईल पुढच्या बैठकीला. पुढची बैठक उन्हाळा संपल्यावर!

हॉस्पिटलातल्या ट्रान्सप्लांटच्या कोऑर्डिनेटर बाई गोड आहेत. म्हणाल्या, ‘‘जमेल हो, प्रयत्न चांगला आहे तुमचा.’’ प्रयत्न! माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि ही मला शाबासकी देते.

मानेत नळी घेऊन हे घरी आले. शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही. वन्संनी न विचारता कॉलर उसवून मोठी करून दिली.

२४ मार्च

अठ्ठ्याऐंशीला थोडं कमी. आठवड्यात तीन किलो कुठून आणायचे? आणायचे नाहीत, घालवायचे! डोकं चालेनासं झालंय. डाएटिशियनला फोन केला. ‘‘इतक्या घाईने उतरवूच नका, उपाशी तर अजिबात ठेवू नका,’’ म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातंय! तिच्या नवऱ्याच्या मानेत नळी आहे का?

२५ मार्च

केलं.

यांच्या जुन्या गोळ्यांची पट्टी होती कपाटात. लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणाऱ्या. डायलिसिस लागायच्या आधी चालू होत्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या, पट्टी तशीच राहिली. दुपारी घरात कोणी नव्हतं. ओट्यावर उभी राहून कॅप्सूल उघडल्या, आतली पूड सिंकमध्ये झटकली. कोट्यवधी जिवाणू नळाखालून गेले. गोळ्या कुटून त्या टोपणात भरल्या. वरून ओळखू येत नाही. मी स्वतःच दोनदा बघितलं.

पाणीच तर जाणार. चरबी गेली काय, पाणी गेलं काय, काट्याला काय कळतंय? थोडे दिवसच. एक तारीख झाली की बंद.

मला कळत नाही असं नाही. बारा गावचं पाणी प्यायलेली बाई आहे मी. दुसऱ्या कोणी काउंटरवर येऊन असं विचारलं असतं, तर हाकलून दिलं असतं.

त्यांना सांगून दिलं तर? नाही म्हणतील. किंवा डॉक्टरांना सांगतील. बोलायला भोळ्या आहेत.

२७ मार्च

शहाऐंशी आणि वर थोडं!! वन्संनी काट्यावरून उतरून मला मिठी मारली. ‘‘लागू पडली गं तुझी कॅप्सूल! तुझ्या हाताला गुण आहे.’’

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

हे आज माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, ‘‘त्या दिवशी तू ताईला फार लागेल असं बोललीस. पण तू नसतीस तर हे झालं नसतं.’’

२८ मार्च

दुकानात एक बाई आली, जाड, घामाघूम. विचारलं – वजनासाठी काही आहे का? मालक मागे गोदामात होते. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘या बघा. आमच्या घरी एकीचं झटकन उतरलं.’’ बाईचे डोळे चमकले. डबी घेऊन गेली.

ती गेल्यावर भानावर आले. मी तिला काय विकलं? सिंकमधून वाहून गेलेली पूड! त्या कॅप्सूलने काही उतरलं नव्हतं. मला माहिती होतं, तोंडाला नव्हतं.

३० मार्च

वन्सं सारख्या बाथरूमला जातात. तोंडाला कोरड पडते म्हणतात. मशीनवरून उठताना भिंत धरली. ‘‘उपवासाची सवय नाही ना,’’ म्हणून हसल्या. पोटऱ्यांत गोळे येतात. मी पाय चेपून दिले. बराच वेळ चेपत बसले. त्या म्हणाल्या, ‘‘पुरे गं, किती करशील माझं.’’

उद्याची देऊ नये असं वाटतं.

३१ मार्च

दिली. 

१ एप्रिल

चौऱ्याऐंशी!! नर्सने वहीत लिहिलं तेव्हा मी वन्संचा हात दाबला. त्यांचा हात गार होता. रक्त दिलं, खुर्चीवरून उठल्या आणि दारापाशी घेरी येऊन बसल्याच खाली. नर्स म्हणाली, उपाशीपोटी होतं असं. पाणी पाजलं, बिस्किट दिलं. वन्संनी बिस्किट हातात धरून माझ्याकडे बघितलं. खाऊ का, असं! मी म्हटलं, खा हो ताई, खा. आता खा सगळं.

उरलेल्या भरलेल्या कॅप्सूल घरी येताच फेकल्या. संपलं. सुटले.

२ एप्रिल

सुटले नाही.

सकाळी फोन आला, दोघींना लगेच बोलावलं. वन्संचं क्रिएटिनीन वाढलंय. पोटॅशियम खाली. हे दोन्ही शब्द मला यांच्यामुळे पाठ आहेत, वन्संना नाहीत. त्या आळीपाळीने माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे बघत होत्या.

डॉक्टर म्हणाले, ‘‘मागच्या महिन्यात सगळं छान होतं. जुलाब, उलट्या झाल्या?’’ नाही. ‘‘लघवीची एखादी गोळी, कुणाकडून, वजनासाठी? खरं सांगा.’’

‘‘छे हो! फक्त त्या पोटाच्या कॅप्सूल. ही माझी भावजय देते ना रोज, तिलाच विचारा.’’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘‘हो. प्रोबायोटिक. डाएटिशियनना दाखवल्यात.’’

माझा आवाज चांगला आला. अगदी काउंटरवर येतो तसा.

‘‘मग कारण कळेपर्यंत दाता म्हणून यांचं नाव बाजूला ठेवावं लागेल,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘यांच्याच किडनीवर ताण दिसतोय. आधी त्यांना जपू.’’

पायऱ्या उतरताना वन्संनी माझा दंड धरला. ‘‘म्हणजे मलाही झालं का गं त्याच्यासारखं?’’

३ एप्रिल

आज समितीची बैठक झाली. आमची फाईल तिथे गेलीच नाही.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. ज्या किडनीसाठी हा सगळा खटाटोप, तीच मी पिळून काढली. ऐकायला कोणी नाही म्हणून हसू येतं, आणि मग थांबत नाही.

हे म्हणाले, ‘‘ताईचंच बिघडलं माझ्यापायी. आता तिची बरी निघाली तरी मला नको. मी विचारणारही नाही.’’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

४ एप्रिल

वन्संनी मशीनला झाकण घातलंय. पाणी भीतभीत पितात – किडनीला त्रास होईल म्हणून! यांना पाणी मोजून मिळतं ते बघितलंय ना. मी म्हटलं, तुम्ही प्या हो, भरपूर प्या, तुम्हाला चालतं. ‘‘तुला काय माहिती?’’ म्हणाल्या. ‘‘आमचे बाबाही अंग सुजूनच गेले. आमच्या घराण्यातच असेल. आता माझी पाळी.’’

सांगायला हवं. सांगितलं तर? हॉस्पिटलवाले म्हणतील, बाईला न सांगता गोळ्या घातल्या, घरात जबरदस्ती आहे, या घरातली किडनी आम्ही घेणार नाही. कायमचं बंद. आणि नाही सांगितलं तर ‘कारण कळेपर्यंत’. कारण मी आहे, ते कसं कळणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि दुकान? मालकांना कळलं तर एक दिवस ठेवणार नाहीत. खरं म्हणजे हे शेवटी सुचलं. पण सुचलं.

६ एप्रिल

आज त्या मला म्हणाल्या, ‘‘माझं मशीन तू घे. तुला येत नाही शिवता, पण शीक.’’

मग राहवेना. दुपारची वेळ. हे डायलिसिसला. सगळं सांगितलं. पट्टी आणून पुढे ठेवली. खाली बसून सांगितलं. ‘‘तुम्हाला काही झालेलं नाही ताई, ते मी केलं. त्या कॅप्सूलमध्ये जिवाणू नव्हते.’’

त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘‘किती दिवस?’’

सांगितलं.

‘‘मी उठताना भिंत धरायचे तेव्हा तू समोर होतीस.’’

हो म्हटलं.

‘‘पाय चेपलेस माझे.’’

हो.

मग मशीनचं झाकण काढलं. एका गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला पडदा होता, तो पुरा केला. शेवटची टीप मारून दोरा दाताने तोडला आणि पट्टी पर्समध्ये टाकली. ‘‘त्याला यातलं काही सांगायचं नाही. त्याच्या जिवाला आधीच घोर आहे.’’ एवढंच. आवाजात राग नव्हता. मी ऐकत होते ना – राग शोधत होते. नव्हता.

७ एप्रिल

वन्सं सकाळीच स्वतःच्या घरी गेल्या. ऑर्डरी पडून आहेत म्हणाल्या. मशीन टेम्पोत चढवताना हे म्हणाले, एवढी घाई? ‘‘अरे, तुझ्या बायकोने वजन उतरवलं, आता पोटाचं बघायला नको का,’’ म्हणून त्यांनी यांच्या डोक्यावर हात फिरवला.

हॉलची खिडकी मोकळी दिसते.

९ एप्रिल

कोऑर्डिनेटर बाईंचा फोन.

‘‘अहो, तुमच्या नणंदबाईंनी येऊन सगळं कबूल केलं! घरात भावाच्या जुन्या गोळ्या होत्या, वजनाची घाई झाली म्हणून स्वतःच घेतल्या म्हणे. चांगलंच झापलं डॉक्टरांनी. पट्टीसुद्धा दाखवली त्यांनी. काळजी करू नका, बंद केल्यावर सुधारेल. पुन्हा तपासू. आणि तुम्ही जरा लक्ष ठेवा हो त्यांच्यावर!’’

लक्ष ठेवते, म्हटलं.

फोन ठेवला आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडले. त्यांनी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या. माझं नावसुद्धा घेतलं नाही!

१० एप्रिल

वन्संना फोन केला. काय बोलावं कळेना. म्हटलं, ताई, तुमचे उपकार – तर म्हणाल्या, ‘‘कढईत काहीतरी आहे, करपेल, ठेवते.’’

२४ एप्रिल

रक्त एकदम स्वच्छ! क्रिएटिनीन पहिल्यासारखं. पाणी परत भरलं, म्हणून वजन सत्त्याऐंशी, पण डॉक्टर म्हणाले, ‘‘दोन-तीनच किलो राहिलेत, पण या वेळी ताटातून उतरवा. नळीमुळे तातडीची केस म्हणून मी मधेच खास बैठक लावून घेतो.’’ यांचं ‘मला नको’ वन्संनी फोनवर दटावून बंद केलं. यांची मानेतली नळी अजून टिकून आहे. टिक बाई, टिक.

फ्रिजमध्ये खऱ्या कॅप्सूलची दुसरी डबी तशीच आहे. विचारलं, ताई, आणून देऊ? सीलबंद आहे, नवी. ‘‘नको गं. त्याच्याशिवाय जमतंय.’’ एकट्याच सकाळ-संध्याकाळ चालतात म्हणे. डाएटिशियनचं कोष्टक पुढ्यात लावलंय.

त्या बाईला मात्र शोधत होते, जिला मी डबी विकली. आज आली. सांगितलं – मी चुकीचं बोलले, याने पोट बरं राहतं, वजनाची खात्री नाही, ते वेगळ्याने उतरलं होतं. रागावली नाही. म्हणाली, ‘‘माझं किलोभर उतरलं की! डबी घेतल्यापासून रात्रीचं आइस्क्रीम बंद केलं ना.’’ कपाळावर हात मारला. तिच्या नाही, माझ्या.

१४ मे

चौऱ्याऐंशी. खरे! एकटीने उतरवले.

समितीने वन्संना एकटीला आत बोलावलं. कोणाचा दबाव आहे का, कोणी जबरदस्ती केली का, सगळं विचारतात म्हणे. आम्ही दोघं बाहेर बाकावर. आत किती वेळ लागला! चोराच्या मनात चांदणं. दार उघडलं की वाटायचं, आता मला बोलावणार.

बाहेर आल्या त्या हसतच. यांना म्हणाल्या, ‘‘मी सांगितलं त्यांना – मला कोण धाकात ठेवणार? लहानपणापासून यालाच मी धाकात ठेवलंय.’’ हे रडले. त्या दोघांनी एकमेकांचे हात धरले होते. मी पाण्याची बाटली धरून उभी.

२८ तारीख मिळाली!

माफ केलं त्यांनी मला. नाहीतर असं कोण करतं? ऑपरेशन होऊ दे, बऱ्या होईपर्यंत आमच्याकडेच ठेवून घेणार आहे. हॉलमधली खिडकी पुसून ठेवली.

२८ मे

सकाळपासून बाहेर बसून आहे. आधी वन्संना नेलं, मग यांना. वन्सं ढकलगाडीवरून जाताना वर छताकडे बघत होत्या. भीती वाटते म्हणाल्या होत्या ना. मी म्हटलं, ताई, मी इथेच आहे. त्यांनी डोळे मिटले.

२८ मे, दुपारी

दोघंही सुखरूप!! डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. ‘‘किडनी टेबलावरच कामाला लागली. पिशवी भरतेय!’’ पिशवी भरतेय! जगात इतकं गोड वाक्य नसेल. अनोळखी माणसांना सांगत सुटले – आमच्या यांना लघवी झाली! एक आजोबा म्हणाले, अभिनंदन.

२९ मे

यांना काचेतून बघितलं. चेहऱ्यावर रंग आलाय.

मग वन्संकडे. शुद्धीवर, ओठ कोरडे पडून फुटलेले. सिस्टर म्हणाल्या, आता चमच्याने पाणी द्यायला हरकत नाही. मी पटकन वाटी घेतली, चमचा ओठांपाशी नेला.

वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. मग मान वळवून सिस्टरना म्हणाल्या, ‘‘तुम्ही पाजाल का?’’